पाडलेला वाडा, मांडलेले चित्र

ख्रिस्टोफर हसी या इंग्रज समीक्षकाच्या 'द पिक्चरेस्क' (१९२७) या ग्रंथाची सुरुवात एका खिडकीपाशी होते. आजोबांनी बांधलेल्या घराच्या ग्रंथालयात तो बसलेला आहे. खिडकीतून खालची दरी दिसते आणि दरीत पाण्याने वेढलेला, अर्धामुर्धा उरलेला एक कोट. हे दृश्य त्याने लहानपणापासून पाहिलेले. एके दिवशी मात्र त्याच्या ध्यानात येते की हे आपसूक घडलेले नाही. चित्रकार चित्र रचतो तसे कुणीतरी ते रचले आहे. मग ते कुणी रचले आणि पाहण्याची ही तऱ्हा आली कुठून, याचा शोध म्हणजे हा ग्रंथ.

ते घर आणि तो कोट म्हणजे केंट परगण्यातल्या लॅम्बरहर्स्ट गावाजवळचे स्कॉट्नी. हसीचा ग्रंथ मी अनेक वर्षे वर्गात शिकवला. त्याविषयी माझे एक ठरलेले वाक्य होते: पिक्चरेस्क म्हणजे सुखवस्तू माणसांनी पडझडीला घातलेली चौकट, आणि हीच चौकट घेऊन ते आपल्याकडे आले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात स्कॉट्नीला जाण्याचा योग आला. ते वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे, असे तिथे जाणवले. या लेखात त्या अपुरेपणाचा विचार करायचा आहे.

आधी कोटाविषयी. १३७७ साली फ्रेंचांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर छापे घातले, राय हे बंदर जाळले. त्या धास्तीच्या दिवसांत, १३७८ च्या सुमारास, रॉजर अ‍ॅशबर्नम याने बेव्ल नदीच्या खोऱ्यात तटबंदीचे घर बांधायला घेतले. आपण ज्याला भुईकोट म्हणतो त्याच जातीचे हे बांधकाम. जागा सखल, भोवती नदीच्या पाण्याने भरलेला खंदक, कोपऱ्यांवर बुरूज. अहमदनगरच्या किल्ल्यापुढे हा कोट म्हणजे खेळणेच. त्या बुरुजांपैकी आज एकच धडपणे उभा आहे.

पुढे सुमारे साडेतीनशे वर्षे हा कोट डॅरेल घराण्याकडे होता. हे लोक कॅथलिक होते. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरूला आसरा देणे हा गुन्हा होता. तरीही १५९१ ते १५९८ या काळात रिचर्ड ब्लाउंट हा जेझुइट पाद्री येथे लपून राहिला आणि अखेरच्या झडतीच्या वेळी खंदकात उडी घेऊन निसटला. १६३० च्या दशकात विल्यम डॅरेलने कोटाच्या पूर्व अंगाला नव्या चालीची इमारत उठवायला घेतली. ती कधी पुरी झालीच नाही. १७७८ मध्ये हसी घराण्याने ही मालमत्ता विकत घेतली. इथवरची कथा कुठल्याही जुन्या घराण्याच्या वाड्याची असते तशीच आहे.

वेगळेपण सुरू होते ते ख्रिस्टोफरचा आजोबा एडवर्ड हसी याच्यापासून. खालच्या दमट जागेतून बाहेर पडून चढावर नवे घर बांधायचे त्याने ठरवले. १८३७ ते १८४३ या काळात वास्तुविशारद अँथनी सॅल्विन याने ते ट्यूडर धाटणीत उभारले. घराची आणि गच्चीची जागा ठरवताना सल्ला घेतला तो विल्यम सॉरी गिल्पिन या उद्यानरचनाकाराचा.

गिल्पिन हे आडनाव महत्त्वाचे आहे. या सल्लागाराचा चुलता, रेव्हरंड विल्यम गिल्पिन, याने १७८२ मध्ये वाय नदीकाठच्या प्रवासाचे पुस्तक छापले आणि 'चित्रात शोभेल ते सुंदर' ही कसोटी हौशी प्रवाशांच्या हाती दिली. टिंटर्न अ‍ॅबी या भग्न मठाचे वर्णन करताना त्याने सुचवले की त्रिकोणी भिंतींचे टोक फारच नीटनेटके दिसते. कुणी विचारपूर्वक मोगरी चालवली तर बरे होईल. १७९४ मध्ये युव्हडेल प्राइस आणि रिचर्ड पेन नाइट यांनी या आवडीला सिद्धान्ताचे रूप दिले. केपेबिलिटी ब्राउनची गुळगुळीत हिरवळ आणि वळणदार तळी त्यांना निर्जीव वाटत. त्यांना खडबडीतपणा हवा होता, वाकडी झाडे, शेवाळ, अचानक सामोरा येणारा कडा हवा होता.

चुलत्याने नुसती सुचवलेली मोगरी स्कॉट्नीत खरोखर चालली. नवे घर पुरे होताच एडवर्डने खालच्या कोटाची पूर्वेकडची इमारत अंशतः पाडवली. बुरूज ठेवला, काही भिंती ठेवल्या, रिकाम्या खिडक्या ठेवल्या. भिंतींवर वेली चढल्या. वरच्या खिडकीतून जे दिसते ते काळाने केलेले नाही. एका मालकाने मजूर लावून ते करून घेतले आहे.

ही माहिती गाठीला बांधूनच मी गेले होते, आणि मनात निकालही तयार होता: नकली अवशेष. अडचण निर्माण केली ती बागेने.

नव्या घराचा वालुकाश्म लांबून आणलेला नाही. घर आणि कोट यांच्यामधल्या उतारावरच खाण काढली आणि तिथला दगड वर चढवला. खाणीने पडलेला खड्डा बुजवता आला असता. एडवर्डने तो तसाच ठेवून त्यात बाग केली. वरच्या गच्चीवरून खाली निघालेली वाट या खाणीतून जाते. दोन्ही अंगांना कापलेले खडक, त्यांच्या सांध्यांत नेचे आणि शेवाळ. खणताना उघडा पडलेला डायनोसॉरच्या पावलाचा ठसाही इथेच आहे. पुढे उतारभर अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन, म्हणजे हिमालयात भटकलेल्यांना ठाऊक असलेल्या बुरांशची भावंडे. मे महिन्यात हा उतार गुलाबी, जांभळा, केशरी होऊन जातो आणि या रंगांच्या फटीतून कोटाचा बुरूज एकदा दिसतो, एकदा लपतो.

या वाटेने उतरताना एक गोष्ट कळते, ती खिडकीतून कळत नाही. घर, खाण आणि कोट ही एकाच व्यवहाराची तीन टोके आहेत. वर जे चढले ते इथून काढले आणि वर राहायला गेल्यावर खालचे मोडले. एडवर्डने हा हिशेब लपवला नाही. ज्याला पायी चालायची तयारी आहे, त्याला तो जमिनीतच वाचायला मिळतो.

इथेच मला ख्रिस्टोफरच्या ग्रंथाची मर्यादा दिसते. अभिजात आणि स्वच्छंदतावादी कलेच्या मधल्या काळात माणसाच्या कल्पनेने डोळ्यांच्या वाटे अनुभवण्याची सवय लावून घेतली, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. काव्य, चित्रकला, उद्यान, वास्तू आणि कादंबरी या सगळ्यांना तो एका सूत्रात ओवतो. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी लिहिलेला हा ग्रंथ आजही त्या विषयाचा पाया मानला जातो, तो उगाच नव्हे. उपशीर्षकातच त्याने हा एका दृष्टिकोनाचा अभ्यास असल्याचे म्हटले आहे. पण त्याचा दृष्टिकोन अखेरपर्यंत खिडकीतला राहतो. खाली उतरल्यावर काय दिसते, हे तो विचारत नाही. नवे घर झाल्यानंतरही कोटाच्या शाबूत भागात इस्टेटीचा कारभारी राहत असे. वरून पाहणाऱ्याला जो भग्नावशेष होता, तिथे कुणाची तरी चूल पेटत होती. चित्राला हा धूर शोभलाच असेल. पण चूल पेटवणारा चित्राच्या सिद्धान्तात कुठेच बसत नाही.

आणि हे केवळ केंटपुरते राहिले नाही. १७९३ मध्ये थॉमस आणि विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे मुंबईला आले, घारापुरी-कान्हेरीची लेणी चित्रित करून गेले. पेशव्यांच्या दरबारी वावरलेल्या जेम्स वेल्सने केलेली वेरूळची रेखाटने थॉमसने १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. याच सुमारास पुण्याचा गंगाराम तांबटही वेरूळची लेणी रेखाटत होता. आपल्या पडक्या वास्तूंकडे चित्र म्हणून पाहण्याची सवय या मंडळींनी लावली आणि ती अजून सुटलेली नाही. १८२८ च्या आगीत शनिवारवाडा जळाला. आज तटाच्या आत जोती आहेत आणि त्यांच्याभोवती कापलेली हिरवळ. ही हिरवळ पेशव्यांची नाही. तीही एक चौकटच आहे. आपण ती कधी चौकट म्हणून पाहिलेली नाही.

म्हणून माझे वर्गातले वाक्य मी आता बदलले आहे. अवशेष खरा की नकली, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. कुठलाही जपलेला अवशेष कुणाच्या तरी निर्णयाने अवशेष राहिलेला असतो. भिंत पाडायची, टेकू द्यायचा की नवी बांधायची, हे काळ ठरवत नाही, माणसे ठरवतात. विचारायचे ते असे: निर्णय घेणाऱ्याने त्याच्या खुणा उघड ठेवल्या आहेत की पुसल्या आहेत? या कसोटीवर स्कॉट्नीची बाग मला तिच्यावर लिहिल्या गेलेल्या ग्रंथापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. मोगरी चालवणाऱ्या आजोबाने खाण उघडी ठेवली. नातवाने मात्र खिडकीच उघडली.

पण न्यायाची गोष्ट म्हणून एवढे सांगायला हवे की खिडकी ही खिडकी आहे, हे आधी ओळखले ते नातवानेच. १९५२ मध्ये स्कॉट्नी त्याच्याकडे आले आणि १९७० मध्ये मृत्यूनंतर ते नॅशनल ट्रस्टकडे गेले. ऑक्टोबर १९८७ च्या वादळाने बागेतली कितीतरी मोठी झाडे आडवी केली, तेव्हा मांडलेले चित्र विस्कटले आणि ते पुन्हा लावावे लागले. चित्र पुन्हा लावावे लागते, याहून त्याच्या रचलेपणाचा मोठा पुरावा कोणता? आपल्या गडकोटांची डागडुजी, पुनर्बांधणी, रोषणाई यांवर वाद घालताना आपण मूळ स्वरूप हा शब्द फार सहजपणे वापरतो. तो वापरण्याआधी आपली खाण कुठे आहे, हे दाखवायची तयारी हवी.