रिकाम्या नकाशाचा महापौर : ‘सिमसिटी’चे एक वाचन

संगणकीय खेळाला समीक्षेचा विषय करावा का, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही थोडा अवघडून विचारला जातो. कादंबरीची समीक्षा होते, चित्रपटाची होते, नाटकाची तर प्रयोगागणिक होते. खेळ मात्र मुलांच्या सुट्टीच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात एका खेळाचे वाचन मी ग्रंथाचे करावे तसे करणार आहे. तो खेळ म्हणजे ‘सिमसिटी’. माझे म्हणणे थोडक्यात असे : हा खेळ शहराविषयीचा एक युक्तिवाद आहे, त्या युक्तिवादात वस्तीची योग्यता तिच्या पायाखालच्या जमिनीच्या किमतीवरून ठरते, आणि गरीब माणूस त्यात पात्र म्हणून येतच नाही. खेळ विलक्षण रंजक आहे, म्हणूनच त्याचा युक्तिवाद तपासायला हवा. कंटाळवाण्या ग्रंथाचे मत कुणाच्या गळी उतरत नाही. रंजक खेळाचे उतरते.

मी नगररचनेचा पदवीधर नाही आणि संगणकाचाही नाही. उमेदीची काही वर्षे जमीनमोजणीच्या कामात गेली, त्यामुळे नकाशा आणि माणूस यांच्यातले अंतर जवळून पाहिले आहे. संगणकाची ‘सी’ भाषा पुस्तके समोर ठेवून पन्नाशीत शिकलो. या दोन गोष्टींच्या आधारावर हे वाचन उभे आहे.

खेळ १९८९ साली बाजारात आला. कर्ता विल राइट, प्रकाशक कंपनी मॅक्सिस. याआधी १९८४ साली राइट यांनी हेलिकॉप्टरमधून बेटांवरचे कारखाने उद्ध्वस्त करण्याचा एक खेळ केला होता. ती बेटे रचताना त्यांना बाँब टाकण्यापेक्षा रस्ते आणि इमारती मांडण्यातच अधिक गोडी वाटू लागली, आणि त्यातून नव्या खेळाचे बीज पडले. नव्या खेळात ना शत्रू होता, ना हारजीत. अशा खेळाला गिऱ्हाईक कोण, या शंकेने तो काही वर्षे पडून राहिला. पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या.

खेळणारा महापौर असतो. साल १९००, हाती वीस हजार डॉलर, समोर नदी, झाडे आणि मोकळी जमीन. नकाशा १२० बाय १०० चौकटींचा. त्यावर निवासी, व्यापारी आणि औद्योगिक असे तीन प्रकारचे पट्टे आखायचे, वीजकेंद्र उभारायचे, तारा ओढायच्या, रस्ते व रूळ टाकायचे. घरे महापौर बांधत नाही. पट्टा सोयीचा असेल तर ती आपोआप उगवतात. कर लावायचा, पोलीस आणि अग्निशमन दलाला पैसे द्यायचे. वाहतूक तुंबते, धूर वाढतो, गुन्हे वाढतात, आणि महापौर पुन्हा नकाशाकडे वळतो. रात्रीचे दोन कधी वाजतात ते कळत नाही, इतकी या चक्राची ओढ असते.

पहिले लक्षात येते ते पट्ट्यांचे वेगळेपण. निवासी पट्ट्यात दुकान उघडत नाही, व्यापारी पट्ट्यात कुणी राहत नाही. ही अमेरिकी नगररचनेची रीत आहे. १९२६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड या गावाच्या खटल्यात तिला वैध ठरवले आणि ती देशभर पसरली. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागच्या खोलीत शिलाईयंत्र, अशी पुण्याच्या पेठेतली किंवा गिरगावातली इमारत या खेळात बांधताच येत नाही. अमेरिकेतले एक धोरण इथे निसर्गनियमाच्या वेषात वावरते.

खेळाची वैचारिक वंशावळ याहून बोलकी आहे. राइट यांनी दोन ऋणे मान्य केली आहेत. पहिले जे फॉरेस्टर यांचे. फॉरेस्टर हे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतले अभियंते. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीच्या शोधात त्यांचा मोठा वाटा. बॉस्टनचे महापौर जॉन कॉलिन्स १९६८ मध्ये पद सोडून याच संस्थेत आले. त्यांच्याशी झालेल्या चर्चांमधून फॉरेस्टर यांचा ‘अर्बन डायनॅमिक्स’ हा ग्रंथ १९६९ साली सिद्ध झाला. त्यात शहर म्हणजे समीकरणांची एक व्यवस्था आहे, आणि तिचा २५० वर्षांचा प्रवास संगणकावर चालवून पाहिलेला आहे. निष्कर्ष असा, की गरिबांसाठी स्वस्त घरे बांधली तर आणखी गरीब येतात, उद्योगांची जागा अडते आणि शहर खालावते. उलट जुनी स्वस्त घरे दरवर्षी काही प्रमाणात पाडली तर शहर सावरते. या प्रतिमानाला उपनगरेच नव्हती. शहराबाहेर फक्त एक अमर्याद ‘परिसर’ होता. माणसे तिथून येत आणि तिथेच जात. घर पाडलेला माणूस समीकरणातून बाहेर पडला, की त्याचे पुढे काय झाले याचा हिशेब संपत असे. ज्या कॉलिन्स यांच्या अनुभवावर हे उभे राहिले, त्यांच्याच कारकिर्दीत बॉस्टनचा गजबजलेला स्कॉले चौक पाडून तिथे सरकारी इमारती उभ्या राहिल्या होत्या.

राइट यांनी फॉरेस्टरची समीकरणे जशीच्या तशी उचलली नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. फॉरेस्टरच्या शहराला नकाशा नव्हता; राइट यांनी शहर जमिनीवर पसरले आणि शेजारच्या चौकटीचा परिणाम आपल्या चौकटीवर होऊ दिला. पण या स्थलांतरात एक गोष्ट गळाली. फॉरेस्टरच्या ग्रंथात अर्धबेकारांचा एक स्वतंत्र वर्ग होता. लेखकाच्या लेखी तो अडचणीचा होता, तरी मोजला जात होता. राइट यांच्या खेळात तो वर्गही नाही. ‘निवासी लोकसंख्या’ नावाचा एकच आकडा आहे. ग्रंथात जो प्रश्न होता, तो खेळात नाहीसा झाला.

हे मी खेळाच्या मूळ संहितेच्या आधारे म्हणतो. मुलांच्या स्वस्त संगणक प्रकल्पासाठी २००८ साली या खेळाची ‘सी’ भाषेतली संहिता ‘मायक्रोपोलिस’ या नावाने खुली झाली. ती कुणालाही वाचता येते. कादंबरीच्या लेखकाचा हेतू आपल्याला तर्काने शोधावा लागतो. इथे सूत्र ओळींमध्ये लिहिलेले आहे.

जमिनीची किंमत कशी ठरते? शहराच्या मध्यापासून जागा जितकी जवळ तितके गुण अधिक. आसपास झाडे-पाणी असेल तर भर, प्रदूषण असेल तर वजावट. गुन्ह्यांचा आकडा १९०च्या वर गेला तर आणखी वीस गुण वजा. आता गुन्हा कसा ठरतो ते पाहा : १२८मधून जमिनीची किंमत वजा करायची, त्यात लोकवस्तीची दाटी मिळवायची आणि त्यातून पोलिसांचा प्रभाव वजा करायचा. झाले. सूत्रात एवढेच आहे.

दोन वस्त्यांची दाटी सारखीच, समजा १००, आणि पोलीस दोन्हीकडे नाहीत असे धरू. एकीच्या जमिनीची किंमत १५०, दुसरीची ४०. पहिलीत गुन्ह्याचा आकडा ७८ निघतो, दुसरीत १८८. दुसऱ्या वस्तीत कुणी काही चोरलेले नाही, कुणाला मारलेले नाही. तिथली जमीन स्वस्त आहे, इतकाच तिचा अपराध. किंमत आणखी दहाने उतरली तर आकडा १९८ होतो, वीस गुणांची वजावट लागते, किंमत आणखी घसरते आणि गुन्हा आणखी चढतो. या फेऱ्यातून सुटण्याचे महापौरापाशी दोन सरळ मार्ग आहेत : पोलीस ठाणे बांधणे किंवा वस्ती पाडणे. पोलीस ठाण्याला पाचशे डॉलर लागतात. पाडायला चौकटीमागे एक डॉलर. आणि जिथे जमिनीला किंमतच उरली नाही, तिथे संहिता गुन्ह्याचा आकडा थेट शून्य लिहिते.

घरांचेही तसेच. जमिनीची किंमत वजा प्रदूषण, या एका आकड्यावरून घराचा दर्जा ठरतो. त्याच्या चार पायऱ्या आहेत. घर गरीब किंवा श्रीमंत दिसते, पण आत राहणाऱ्याला उत्पन्न नाही, धंदा नाही, भाडे नाही. त्याला मुले असतील, पण पहिल्या ‘सिमसिटी’त शाळाही नाही आणि पाण्याची नळवाहिनीही नाही, ती पुढच्या आवृत्तीत, १९९३ साली आली. ज्याने पहाटे तीनला उठून नळाखाली हंडा लावला आहे, त्याला पाण्याविना शहराचे गणित अपुरे वाटल्याशिवाय राहणार नाही.

मोजणीच्या कामात हातात सातबारा असायचा. त्यात मालकाचे नाव असतेच, पण शेजारी ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. कुळाचे नाव, बोजा, वाटेचा किंवा विहिरीचा हक्क तिथे नोंदला जातो. खरी भांडणे बहुधा त्याच रकान्यात असतात, आणि माणसांचा इतिहासही तिथेच असतो. ‘सिमसिटी’च्या चौकटीला हा रकाना नाही. महापौर येण्यापूर्वी तिथे झाडे आणि पाणी होते, माणूस नव्हता. नवी मुंबईसाठी १९७०मध्ये सिडकोची स्थापना झाली तेव्हा नियोजनाच्या नकाशाखाली ९५ गावे होती; आगरी-कोळी कुटुंबांची शेते, मिठागरे, मासेमारीच्या खाड्या होत्या. १९८४च्या जानेवारीत जासई परिसरातल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले, आणि विकसित जमिनीतल्या साडेबारा टक्के वाट्याचा हक्क त्या संघर्षातून आला. खेळातला महापौर हे कधीही अनुभवणार नाही, कारण त्याचा नकाशा आधीच पुसून दिलेला आहे.

राइट यांनी मान्य केलेले दुसरे ऋण पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम यांच्या एका कथेचे आहे. तिच्यात एक यंत्रकार पदच्युत जुलमी राजाच्या समाधानासाठी पेटीत मावेल एवढे राज्य बनवून देतो : इवलीशी गावे, इवलीशी सैन्ये, इवलीशी प्रजा. त्याचा मित्र त्याला खडसावतो, की त्या प्रजेचे दुःख खरे असेल तर तू एका राक्षसाच्या हाती खरी माणसे दिलीस. कथेच्या शेवटी ती प्रजा पेटीबाहेर पडून राजालाच हाकलून लावते. राइट यांनी यातली पेटी घेतली, शेवट घेतला नाही. ‘सिमसिटी’तली प्रजा महापौर काम नीट करतो का यावर होय-नाही मत देते, गुन्हे, कर, वाहतूक यांविषयी तक्रारी नोंदवते, परंतु मोकळ्या खेळात निवडणूक येत नाही. महापौर शंभर वर्षे तोच राहतो. नाराज माणसापाशी एकच उपाय असतो, निघून जाणे. तो कुठे जातो? फॉरेस्टरच्या त्याच अमर्याद परिसरात.

यावर एक आक्षेप सहज येईल : हा खेळ आहे, त्याच्यावर एवढा भार कशाला? राइट स्वतः आपल्या निर्मितीला खेळणे म्हणत. शिवाय प्रत्येक प्रतिमान काहीतरी गाळतेच. संपूर्ण शहर कुठल्याही पेटीत मावत नाही. हा मुद्दा मला मान्य आहे. खेळाचे श्रेयही मी नाकारत नाही. रस्ता, वीज, धूर आणि कर एकमेकांत गुंतलेले असतात, एकीकडे ओढले की दुसरीकडे उसवते, हे ज्ञान या खेळाने एका पिढीला हसतखेळत दिले. नगररचनेच्या कितीतरी पाठ्यपुस्तकांना ते जमलेले नाही. पण सगळीच प्रतिमाने गाळतात, म्हणून काय गाळले हे विचारायचेच नाही, असे होत नाही. २०१३च्या आवृत्तीच्या मुख्य रचनाकाराने एका मुलाखतीत सांगितले होते, की खऱ्या शहरात गाड्या उभ्या करायला जितकी जागा लागते तितकी दाखवली असती तर खेळ नुसता वाहनतळांचा झाला असता, म्हणून ती दाखवली नाही. मोटारीवर उभे राहिलेले शहर दाखवायचे आणि मोटारीने गिळलेली जमीन झाकायची, हा निर्णय सौंदर्याचा वाटतो. परिणामाने तो राजकीय आहे.

या सूत्रांचे टोक कुठे पोहोचते, हे फिलिपिन्समधल्या व्हिन्सेंट ओकास्ला या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले. ‘सिमसिटी ३०००’मध्ये त्याने ‘मॅग्नासांती’ नावाचे साठ लाख वस्तीचे शहर रचले. २०१० साली त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. रस्ते नाहीत, सगळी वाहतूक भुयारी. पोलीस इतके, की गुन्हा नाही. आकड्यांच्या दृष्टीने परिपूर्ण, आणि तिथला रहिवासी जेमतेम पन्नाशीपर्यंत जगतो. ओकास्लाने हे शहर आदर्श म्हणून रचलेले नव्हते. खेळाची सूत्रे तंतोतंत पाळली तर काय हाती येते, ते त्याला दाखवायचे होते. माझ्या मते या खेळावरची सर्वोत्तम समीक्षा हीच, आणि ती खेळातच लिहिली गेली.

हा विचार पडद्यापुरता राहत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानात आपल्या देशातल्या शंभर शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. भिंतभर पडदे, त्यांवर शहराचा नकाशा, नकाशावर रंग. कुठला प्रभाग लाल, कुठला हिरवा, हे कुठल्यातरी सूत्राने ठरते. त्या खुर्चीत बसणारा अधिकारी आणि ‘सिमसिटी’चा महापौर शहराकडे एकाच उंचीवरून पाहतात. त्या उंचीवरून वस्ती दिसते, वस्तीतला माणूस दिसत नाही.

‘सिमसिटी’चे सूत्र आज आपल्याला वाचता येते, ही या खेळाची मोठीच देणगी मी मानतो. जमीन स्वस्त म्हणून वस्ती गुन्हेगार, हे त्यात उघड लिहिलेले आहे. ज्याला वाचायचे त्याने वाचावे. जे नकाशे खेळ नाहीत, ज्यांवरून खरी घरे राहतात किंवा पाडली जातात, त्यांचीही सूत्रे मागून घ्यावीत आणि त्यांत ‘इतर अधिकारां’चा रकाना आहे का, ते आधी पाहावे.