साहेबांना आर्ट्‌सला घातले

सायन्स झेपले नाही तर कॉमर्स, आणि कॉमर्सही झेपले नाही तर आर्ट्‌स, ही आपल्याकडची घरोघरची उतरंड. मी मधल्या मडक्यातला, बी.कॉम. तेव्हा जगातल्या एका बड्या कंपनीने आपले साहेब मुद्दाम आर्ट्‌सला घातले होते, हे वाचल्यावर मी चष्मा पुसून ते पुन्हा एकदा वाचले.

कंपनी अमेरिकेतली, बेल टेलिफोन. साल १९५३. वरिष्ठांना वाटले, आपले उमदे अधिकारी टेलिफोनच्या कामात पक्के आहेत. पण उद्या मोठ्या खुर्चीत बसायचे तर एवढ्याने भागायचे नाही. मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांच्यासाठी दहा महिन्यांचा वर्ग काढला. ताळेबंद नाही, विक्रीकला नाही. इतिहास, तत्त्वज्ञान, चित्रं, संगीत, कविता! आणि वर कळस म्हणून जेम्स जॉईसची ‘युलिसिस’, जिच्यापुढे भल्याभल्या प्राध्यापकांना घाम फुटतो. स्वार्थमोर, विल्यम्स, डार्टमथ ह्या कॉलेजांतही बेलच्या साहेबांसाठी असे वर्ग भरले.

आमच्याकडे हे काम तीन दिवसांत उरकतात. ‘नेतृत्वगुण विकासा’हून परतलेला साहेब दोन दिवस आम्हाला नावाने हाक मारतो, चहा झाला का विचारतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो.

बेलच्या साहेबांचा ताप मात्र उतरेना. मंडळी खरोखरच वाचू लागली, धीटपणे बोलू लागली. पण त्याचबरोबर कंपनीचा फायदा घराच्या आणि गावाच्या आधी मांडायला ती पूर्वीइतकी राजी राहिली नाही. झाले! १९६० पर्यंत पेनसिल्व्हेनियातल्या वर्गाला टाळे लागले.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. पैसा तिचा, आणि साहेबांच्या आत्मिक उन्नतीसाठी काही कुणी शेअर घेत नाही. पण मग नेते घडवायचे आहेत, असे म्हणायचे तरी कशाला? सांगितले तेवढे बिनबोभाट करणारा माणूस स्वस्तात मिळतो. काउंटरपलीकडे आम्ही बसलेलो असतोच. स्वतःच्या डोक्याने चालणारा हवा असेल, तर ते डोके एखाद्या दिवशी आपल्यालाही ‘नाही’ म्हणेल, एवढी तयारी ठेवावी लागते.

आणखी एक खोट. वर्ग होता तो अधिकाऱ्यांचाच. खांबावर चढणाऱ्या तारवाल्यासाठी किंवा बोर्डावरच्या बाईंसाठी तो नव्हता. साहेब शहाणा झाला की शहाणपण आपोआप खाली झिरपते, अशी एक समजूत आहे. आमच्या मजल्यावर अजून थेंब आलेला नाही.

एरवी माझ्या हिशेबी ह्या वर्गात फायदाच झाला. फक्त तो साहेबांच्या बायकामुलांच्या खात्यावर जमा पडला, कंपनीच्या नव्हे. अशा जमेला कंपनी तोटा म्हणते. पण दुसऱ्याच्या खात्यावर पडली म्हणून रक्कम खोटी ठरत नाही, एवढे आम्हाला कॉमर्सलाही शिकवतात.