क्षमायाचनेतले ‘कदाचित’

‘ऑलवेज ऑन माय माइंड’ हे अमेरिकन कंट्री संगीतातले गाणे प्रेमातल्या पश्चात्तापाचे गाणे म्हणून ओळखले जाते. विली नेल्सनच्या आवाजात ते १९८२ साली कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि पुढच्या वर्षी त्याला त्या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट गीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. एका पुरुषाने आपल्या माणसाची मागितलेली माफी, असा त्याचा सारांश सांगतात. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. हे गाणे माफीचे आहे खरे, पण कबुलीचे जवळजवळ नाही. आणि त्याचे सगळे बळ त्या ‘जवळजवळ’मध्ये आहे.

आधी शब्दांकडे पाहू. प्रेमात, वागण्यात, जवळ घेण्यात आपण उणे पडलो असू, असे गाणारा सांगतो. पण ओळीमागून ओळ ‘कदाचित’ने सुरू होते. ‘मी तुला वेळ दिला नाही’ आणि ‘मी तुला वेळ दिला नसेल’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, की मराठी कानाला फरक लगेच कळतो. पहिल्या वाक्यात अपराधी बोलतो, दुसऱ्यात त्याचा वकील. ‘सॉरी’ हा शब्द गाण्यात येतो, तोही ‘जर’च्या आडून: तुला दुय्यम वाटले असेल, तर. म्हणजे दुखावल्याचा पुरावा तिनेच आणायचा. शेवटी बचाव काय, तर तू सदैव माझ्या मनात होतीस. हा बचाव खोडता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. जिने ते एकाकी दिवस काढले, तिच्या हाती त्या मनातल्या वास्तव्यातले काहीच आले नव्हते.

एकाच जागी ‘कदाचित’ गळून पडते. बोलायच्या, करायच्या लहानसहान गोष्टी राहून गेल्या, त्यांच्यासाठी वेळ काढला नाही, हे तो सरळ सांगतो. प्रेम कमी पडले का, ही मोठी बाब संशयात ठेवायची आणि किरकोळ बाबींची कबुली द्यायची! प्रथम ऐकताना ही चलाखी वाटते. मला मात्र गाण्याचा जीव इथेच सापडतो. संसार मोडतात ते बहुधा या किरकोळ बाबींनीच, आणि गाणाऱ्याला नकळत खरे कारण तोंडून निघून गेले आहे.

गाणे वेन कार्सन, जॉनी ख्रिस्तोफर आणि मार्क जेम्स या तिघांचे. कार्सन त्याच्या जन्माची हकीकत सांगत असत. कामासाठी ते मेम्फिसला होते, मुक्काम लांबला, बायको फोनवर वैतागली, आणि तिची समजूत घालताना जे बोलले गेले त्यातून गाणे सुचले. म्हणजे मुळात हे फोनवरचे सारवासारवीचे बोलणे! निर्माते चिप्स मोमन यांना गाण्यात ‘ब्रिज’, म्हणजे चाल वळवणारा मधला तुकडा, हवा होता. कार्सन यांना त्याची गरज वाटत नव्हती. तो तुकडा बाकीच्या दोघांच्या मदतीने झाला. मोमन यांचा आग्रह योग्य होता असे मला वाटते. त्या तुकड्यात व्याकरणच बदलते. ‘कदाचित’ संपते आणि विनवणी सुरू होते: प्रेम अजून उरले आहे असे सांग, आणखी एक संधी दे. इतका वेळ चाललेले बोलणे कशासाठी होते, ते आता उघड होते.

१९७२ साली हे गाणे ग्वेन मॅक्रे आणि ब्रेंडा ली या दोन गायिकांनी गायले होते, हे फारसे लक्षात ठेवले जात नाही. स्त्रीच्या तोंडी तेच ‘कदाचित’ वेगळे वाजते; घरासाठी वेळ न दिल्याचा आरोप तिच्यावर होऊ शकतो, हेच त्या काळात नवे होते. त्याच वर्षी २९ मार्चला एल्व्हिस प्रेस्लीने ते ध्वनिमुद्रित केले. प्रिसिला फेब्रुवारीत वेगळी झाली होती, त्यामुळे ते त्याचे आत्मकथन मानण्याची प्रथा पडली. ती मला पटत नाही. शब्द दुसऱ्यांचे होते आणि आधीच तयार होते. एल्व्हिस ते भरल्या गळ्याने गातो. साथीच्या आवाजांसह दुःख इतके मोठे होते, की शब्दांतली पळवाट दिसेनाशी होते.

नेल्सन ती लपवत नाही. पन्नाशीला टेकलेला, नाकातून येणारा, जवळजवळ बोलल्यासारखा आवाज. ठेक्यावर शब्द टाकायचा नाही, थोडा मागे ठेवायचा, ही त्याची जुनी सवय. त्यामुळे प्रत्येक ‘कदाचित’पाशी माणूस अडखळल्यासारखा वाटतो. वकिली पवित्रा सुटतो आणि स्वतःविषयी खात्री नसलेला माणूस दिसू लागतो. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकली, की ओळींचा क्रमही बदललेला आढळतो. एल्व्हिस लहान गोष्टींची कबुली पहिल्या कडव्यात देऊन टाकतो आणि ‘जर’ची माफी नंतर मागतो. नेल्सनकडे उलटे आहे: आधी ती ‘जर’ची मोघम माफी, मग दुसऱ्या कडव्यात नेमकी कबुली. बदल लहान, पण त्याने गाणे सबबीकडून सत्याकडे सरकू लागते. इतक्या गायकांनी गाऊनही ते नेल्सनचे ठरले, त्याचे एक कारण मला या क्रमात दिसते.

पेट शॉप बॉइज या इंग्लिश जोडीने १९८७ मध्ये त्याला नाचाचा ठेका दिला आणि ते ब्रिटनमध्ये नाताळाच्या आठवड्यात पहिले आले. त्या थंड, निर्विकार आवाजात गाणारा सरळ स्वार्थी वाटतो. हाही अर्थ शब्दांत पहिल्यापासून होताच.

आपल्या विराण्यांत वाट पाहणारी बोलते. ज्याची वाट पाहिली जाते तो गप्प असतो. इथे वाट पाहायला लावणारा बोलतो आहे आणि ती गप्प आहे. संधी मागून झाल्यावर तिच्या उत्तरासाठी गाण्यात एक ओळही मोकळी सोडलेली नाही. तो पुन्हा त्या लहान गोष्टींकडे वळतो, आणि तेच ध्रुवपद म्हणत राहतो.