सणांपुरतें गांव

छायाचित्रणाच्या छंदाविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें तें बहुधा यंत्राविषयीं असतें. कोणता कॅमेरा घ्यावा, भिंगाला पावसाळ्यांत बुरशी लागूं नये म्हणून काय करावें, सांजवेळीं पडदा किती वेळ उघडा ठेवावा, हें सांगणारे पुष्कळ. परंतु कवितेची किंवा कादंबरीची करतात तशी हौशी माणसाच्या चित्रांची परीक्षा करण्यास सहसा कोणी धजत नाहीं. हौसेला मोल नाहीं, तेव्हां तिला टीकाहि नको, अशी समजूत दिसते. आमच्या मतें ही सवलत हौशी छायाचित्रकाराचा अपमान करणारी आहे. जें काम घरोघर चालतें, आणि पन्नास वर्षांनीं ज्यावरून नातवंडें आपल्या गांवाची ओळख करून घेणार, त्याचा दर्जा पाहिलाच पाहिजे.

उदाहरणादाखल सावर्डें घेऊं. चिपळूण तालुक्यांतील हें गांव मुंबई-गोवा महामार्गावर आहे, कोंकण रेल्वेचें स्थानक येथें आहे, आणि सह्याद्रि शिक्षणसंस्थेचें कलामहाविद्यालयहि येथेंच आहे. म्हणजे चित्र ही वस्तु गांवाला अपरिचित नाहीं. या भागांतील कोणत्याहि घरचा जुना आल्बम उघडावा. गणपति, लग्न, मुंज, शिमग्याची पालखी, मुंबईहून आलेले चाकरमानी, पुन्हां गणपति. कारण उघड आहे. कॅमेरा मुंबईस नोकरी करणाऱ्या माणसाच्या मालकीचा. तो सणाला आला म्हणजे कॅमेराहि सणाला आला. १२० नंबरच्या रिळांत चौकोनी फोटो बाराच निघत, धुलाईचा व छपाईचा खर्च निराळा, तेव्हां नांगरणीवर एक फोटो घालविणें ही उधळपट्टीच ठरे. त्या साध्या पेटी-कॅमेऱ्यांना ऊन लागे, म्हणून सारें कुटुंब अंगणांत सूर्याकडे तोंड करून उभें. त्यामुळें डोळे अर्धे मिटलेले, कपाळाला आठ्या, आणि खालच्या कडेला फोटो काढणाराची सावली. पुष्कळ आल्बमांत त्या बिचाऱ्याचें तेवढेंच चित्र सांपडतें! ओटीवरच्या अंधारांत बसलेली आजी, माजघर, चुलीपुढचा उजेड, हीं सारीं कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर राहिलीं.

तेव्हां तो दोष यंत्राचा व पैशाचा होता. आज खिशांतला फोन अंधारांतहि पाहतो आणि रिळाचा खर्च उरलेला नाहीं, तरी विषय मात्र तेच आहेत. जवळच्या डेरवणच्या शिवसृष्टींत जाऊन पुतळ्यांपुढें उभे राहिलेल्या मंडळींचे फोटो किती निघत असतील त्याला गणती नाहीं. त्याच मंडळींच्या घरीं भात कसें झोडतात त्याचा एकहि फोटो नसतो.

आपल्या प्रांतांत या कलेचा आरंभ झाला तेव्हां प्रकार याच्या अगदीं उलट होता. डागेरची युक्ति पॅरिसमध्यें १८३९ सालीं जाहीर झाली, आणि १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी निघालीहि. डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे पेशानें वैद्य, पण या मंडळींत नांवाजलेले. १८५६ पासून जॉन्सन व हेंडरसन यांनीं मुंबईंत 'इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम' या नांवाचें मासिक चालविलें. त्यांत खरेखुरे फोटो चिकटवून दिलेले असत. याच जॉन्सननें पुढें १८६३ व १८६६ सालीं मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचीं चित्रें दोन खंडांत प्रसिद्ध केलीं. त्यांतील माणसें एका ठिकाणीं टिपून दुसऱ्याच देखाव्यावर बसविलेलीं आहेत. त्या माणसांना जात आहे, पोशाख आहे, धंदा आहे. नांव बहुधा नाहीं. आमच्या घरगुती आल्बमांत नांव आहे, नातें आहे, आणि धंद्याचा मात्र पत्ता नाहीं. साहेबाला माणूस नमुना म्हणून हवा होता, आम्हांस तो पाहुणा म्हणून हवा आहे. काम करणारा आणि ज्याचें नांव ठाऊक आहे असा एकच माणूस दोहोंपैकीं कोठेंहि दिसत नाहीं.

सावर्ड्याला हें वैगुण्य विशेष लागू पडतें, कारण या परिसराचा स्वतःचा असा एक धंदा आहे. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यांत उकळावयाच्या, तो अर्क आटवून दाट करावयाचा, थिजूं द्यावयाचा, आणि मग त्याच्या वड्या पाडून सुकवावयाच्या. विड्यांत जो कात आपण खातों तो असा होतो. कातकरी या जमातीचें नांवहि याच धंद्यावरून पडलें. चित्रकाराच्या दृष्टीनें याहून समृद्ध विषय कोंकणांत थोडे सांपडतील. भट्टीचा खालून येणारा उजेड, वाफेनें पुसट झालेलीं माणसें, आणि लाकडापासून हातापर्यंत सगळ्यांवर चढलेला तोच एक तांबूस तपकिरी रंग! कठीण विषय आहे, हें खरें. वाफ भिंगावर बसते, उजेड-अंधारांतलें अंतर फार, आणि मुख्य म्हणजे काम करणाऱ्यास चित्रासाठीं थांबवितां येत नाहीं. पण ज्याला छंद म्हणावयाचा त्यानें अडचणीला भ्यावें काय? निसर्गचित्राचा विद्यार्थी एका झाडापुढें दोन तास बसतो. हौशी छायाचित्रकारानें एका भट्टीवर दोन दिवस जावें, तेथल्या माणसाशीं आधीं बोलावें, त्याची परवानगी घ्यावी, आणि मग कॅमेरा बाहेर काढावा, ही अपेक्षा मोठी नाहीं.

आतां शिमग्याकडे वळूं. सावर्ड्यांत शिमग्याच्या रात्रीं जळते होल्टे परस्परांवर फेकण्याची चाल आहे, आणि कॅमेरेवाल्यांची तिच्यावर साहजिकच दृष्टि असते. अशा प्रसंगीं सर्वमान्य रीति ही, कीं कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून पडदा दोन-तीन सेकंद उघडा ठेवावयाचा. मग प्रत्येक जळतें लांकूड काळ्या आकाशावर सोन्याची रेघ ओढतें. चित्र सुंदर दिसतें यांत वाद नाहीं. परंतु त्या रेघा कोणी ओढल्या? दोन सेकंदांत माणूस हलतो, म्हणून तो चित्रांतून नाहींसा होतो. फेकणाराचा ताणलेला दंड, चुकविणाराची वांकलेली पाठ, भोंवतालच्या लोकांच्या तोंडावरचें भय आणि हंसू, सारें त्या सोन्यांत वितळून जातें. उरतें तें चित्र दिवाळींतल्या दारूकामाचें म्हणूनहि खपेल. याउलट पडदा सेकंदाच्या साठाव्या भागापुरता उघडला, तर रेघा तुटक होतात, काळोखांत दाणे उमटतात, पण माणसें परत येतात. आमची निवड या दुसऱ्या चित्राकडे आहे. तें स्पर्धेंत मागें पडेल. घरांत मात्र तें ठेवण्यासारखें आहे, कारण त्यांत 'हा आमचा काका' असें बोट ठेवतां येतें. आणि असें बोट ठेवतां येणें हाच हौशी चित्राचा खरा अधिकार आहे. धंदेवाईक छायाचित्रकार रात्रीपुरता येतो. त्याला काका ठाऊक नसतो.

रेल्वेचे पूल, धुकें, पावसांतला हिरवा डोंगर या चित्रांविषयीं फार लिहीत नाहीं. तीं चांगलीं निघतात, आणि एकाच्या जागीं दुसरें ठेवलें तरी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं चौपदरी रस्त्यासाठीं महामार्गाच्या कडेचीं जुनीं झाडें तोडलीं गेलीं, तेव्हां त्या सांवलीचें चित्र किती घरांत निघालें असेल? कोणाच्या वरातीमागें एखादें खोड अर्धवट आलें असेल तर तेवढेंच.

शेवटीं जपणुकीविषयीं. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळूण शहरांत शिरलें. अशा पुरांत इतर चीजवस्तूंबरोबर आल्बमहि भिजतात. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यानें फुगतो, आणि तसाच वाळूं दिला तर दोन फोटो कायमचे एकमेकांस चिकटतात. ओले असतांनाच स्वच्छ थंड पाण्यांत ठेवून हलक्या हातानें सोडविले, आणि पाठ खालीं करून सुकविले, तर पुष्कळ वांचतात. हें ठाऊक नसल्यामुळें लोक आल्बम उन्हांत ठेवतात आणि त्याची वीट करून घेतात. पूर्वीं एका फोटोच्या तीन-चार प्रती छापून नातलगांस धाडीत, म्हणून चिपळुणांत गेलेला चेहरा सावर्ड्यांत किंवा गिरगांवांत मिळण्याची आशा तरी असे. फोनमधील हजारों फोटो बहुधा एकाच खिशांत असतात. त्यांवर तारीख व वेळ आपोआप नोंदली जाते, चित्रांतल्या माणसाचें नांव तेवढें कोणी लिहीत नाहीं. जुन्या फोटोंच्या पाठीवर नांवें लिहिण्याची चाल होती, पण तीं दौतीच्या शाईनें लिहीत आणि पाण्यांत ती शाई धुऊन जाते. मऊ शिसपेन्सिलीनें लिहिलेलीं नांवें मात्र राहतात.