विशेष डावाचे औचित्य

मराठीतील 'डाव' हा शब्द मोठा अर्थवाही आहे. पत्त्यांचा डाव मांडला जातो, क्रिकेटमध्ये संघाचा डाव आटोपतो, आणि आखाड्यात एक मल्ल दुसऱ्यावर धोबीपछाड डाव टाकतो. खेळ, खेळातील पाळी आणि खेळातील युक्ती हे तिन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. व्हिडिओ गेममधील 'स्पेशल मूव्ह' या संज्ञेसाठी प्रस्तुत लेखात 'विशेष डाव' हा शब्द योजिला आहे, तो केवळ भाषांतराच्या सोयीसाठी नव्हे. विशेष डाव म्हणजे पात्राच्या सामर्थ्याचे नेत्रदीपक प्रदर्शन, अशी एक समजूत रूढ आहे. ज्याने आखाडा पाहिला आहे त्यास ती प्रथमदर्शनीच संशयास्पद वाटावी.

या डावांचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या 'स्ट्रीट फायटर' (1987) या खेळात र्यू नामक योद्धा तळहातांतून तेजाचा गोळा फेकतो. तो फेकण्यासाठी जॉयस्टिक खाली, मग तिरपी, मग पुढे फिरवून नेमक्या क्षणी ठोशाचे बटण दाबावे लागे. डाव साधणे ही प्रथमतः हाताची परीक्षा होती. 1991 साली आलेल्या दुसऱ्या भागात मुखातून अग्नी ओकणारा धालसिम हा भारतीय योगी अवतरला (योगाविषयीची ही कल्पना आपणास कितीही विनोदी वाटो), पण डाव टाकण्याची रीत तीच राहिली. 1999 साली मासाहिरो साकुराई यांनी एचएएल लॅबोरेटरीत सिद्ध केलेल्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या खेळाने मात्र ही परीक्षाच रद्द केली. एक दिशा आणि एक बटण, एवढ्यावर कोणत्याही पात्राचा विशेष डाव पडू लागला. पहिल्या खेळात असे तीन डाव होते. 2001 च्या 'मेली'मध्ये चौथा आला. अधांतरी मंचांवर खेळल्या जाणाऱ्या, म्हणजेच 'प्लॅटफॉर्म फायटर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, द्वंद्वखेळांचा हा आद्य नमुना होय.

जे विनासायास साधते ते हलके, हा आक्षेप येथे उद्भवतो. मराठीच्या अभ्यासकास तो अपरिचित नाही. नागपूरशी ज्यांचे नाते सर्वश्रुत आहे त्या कवी अनिलांनी मुक्तछंदाचा पुरस्कार केला आणि 1940 साली 'भग्नमूर्ती' प्रसिद्ध केली, तेव्हा वृत्ताचे कष्ट टाळणारी ही पळवाट आहे, अशा स्वरूपाची शंका मुक्तछंदाविषयी घेतली जात होतीच. पुढे त्याच कवीने दहा ओळींची मर्यादा स्वतःवर घालून घेतली आणि त्या 'दशपदी'स 1977 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, ही गोष्ट या संदर्भात ध्यानी घेण्याजोगी आहे. बंधन एका ठिकाणी सैल केले की ते दुसरीकडे आवळले जाते. साकुराईंच्या खेळात ते नेमके कोठे आवळले गेले, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर जयपराजयाच्या कल्पनेत सापडते. जुन्या द्वंद्वखेळांत प्रत्येक पात्राची जीवनशक्ती पट्टीने दर्शविली जाते. मारागणिक ती घटते आणि शून्यावर आली की हार. स्मॅशमध्ये आकडा उलट वाढत जातो, आणि कितीही वाढला तरी त्यायोगे कोणी हरत नाही. आकडा जितका मोठा, तितका पुढचा मार पात्रास दूर फेकतो, एवढेच. दृश्याची सीमा ओलांडून बाहेर गेला तो हरला. मॅटवरील गुणांची कुस्ती आणि मातीतील चीतपटीची कुस्ती यांतील भेद ज्यास ठाऊक आहे त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. मातीत अर्धा तास वरचढ ठरलेला मल्ल एका क्षणी पाठीवर पडला की सर्व वर्चस्व फोल ठरते.

अशा रचनेत डावाचे मोल त्याच्या जोरावर ठरत नाही. तो मंचाच्या मध्यावर पडला की कडेवर, प्रतिस्पर्ध्याचा आकडा किती असताना पडला, आणि पडल्यानंतर टाकणाऱ्याची स्थिती काय झाली, यांवर ते ठरते. क्षेमेंद्राने काव्यासंबंधी ज्यास औचित्य म्हटले ते येथे शब्दशः खेळाच्या नियमांत उतरले आहे. कॅप्टन फाल्कनचा प्रसिद्ध ठोसा पाहा. 'मेली'त बटण दाबल्यापासून तो लागेपर्यंत पाऊण सेकंदाहून अधिक काळ जातो, आणि जो प्रतिपक्षी तेवढा वेळ स्वस्थ उभा राहील तोच त्यास बळी पडेल. जिग्लीपफचा 'रेस्ट' डाव याच्या अगदी उलट आहे. तो तत्क्षणी लागतो, अतिशय जोराने लागतो, परंतु देहास देह भिडला असेल तरच. आणि त्यानंतर ते पात्र 'मेली'त चार सेकंद निद्रिस्त होते. डाव अंगाशी येणे हा आपला वाक्प्रचार याहून अधिक यथार्थ कोठे लागू पडेल?

सर्वांत विचारप्रवर्तक उदाहरण नेसचे आहे. ऊर्ध्व दिशेचा विशेष डाव हा बहुतेक पात्रांचा मंचावर परतण्याचा अखेरचा मार्ग असतो; हवेत तो वापरला की जमिनीस पाय लागेपर्यंत अथवा मंचाची कड हाती येईपर्यंत पात्र सहसा हतबल होते. नेसला हा मार्गही सरळ दिलेला नाही. तो विजेचा एक गोळा सोडतो, खेळाडूने तो गोळा हवेत वळवून नेसच्याच अंगावर आणावयाचा, आणि त्या आघाताने नेस मंचाकडे फेकला जातो. चतुर प्रतिपक्षी मध्ये शिरून तो गोळा स्वतःच्या अंगावर घेतो. थोडासा मार सोसतो आणि नेसला खाली कोसळू देतो. आखाड्याच्या परिभाषेत ही या डावाची तोड होय. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी संपादिलेला 'व्यायामज्ञानकोश' ज्यांनी चाळला असेल, त्यांस डाव आणि तोड यांचे हे साहचर्य परिचित असेल. डाव छापून प्रसिद्ध झाला म्हणून निकामी होत नाही. खाशाबा जाधवांचा ढाक कोणास ठाऊक नव्हता?

या मालिकेतील एक नियम तर अलंकारशास्त्राच्या ग्रंथात शोभावा. अलीकडे लागलेल्या नऊ मारांची नोंद खेळ ठेवतो आणि त्यांत पुन्हा आलेल्या माराचा जोर कमी करतो. पुनरुक्तिदोषास शिक्षा करणारा असा साक्षेपी टीकाकार साहित्यात दुर्मीळ!

तथापि सर्वच योजना समर्थनीय नाहीत. 2008 च्या 'ब्रॉल'मध्ये तरंगता गोळा फोडणाऱ्यास एक अंतिम महाडाव बहाल केला गेला. तो दिपवतो खरा, पण बहुतेक पात्रांच्या बाबतीत त्यास तोड जवळजवळ नसते, आणि ज्यास तोड नाही त्यास डाव म्हणणे आम्हास जड जाते. स्पर्धांतून तो सामान्यतः वगळला जातो, हे खेळणाऱ्यांच्या रसिकतेस साजेसेच आहे.

2015 साली र्यू स्वतःच स्मॅशच्या मंचावर आला. तेजाचा गोळा तो इतरांप्रमाणे एका बटणाने फेकू शकतो. परंतु कोणी 1987 च्या रीतीने जॉयस्टिक खाली, तिरपी, पुढे फिरवली, तर तोच गोळा अधिक जोराने लागतो. वृत्तात लिहिण्याची मुभा मुक्तछंदाच्या घरीही शाबूत ठेवली आहे, आणि निष्णात खेळाडू बटणाचा सोपा मार्ग हाताशी असताना बहुधा तीच जुनी रीत पत्करतात.