धुके काढावे की ठेवावे?
जुने व्हिडिओ गेम, नवे संगणक आणि मेमरीची मर्यादा

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा व्हिडिओ गेम आजच्या संगणकावर सुरू करायला गेले की कधी कधी पडद्यावर एक चमत्कारिक तक्रार उमटते : मेमरी अपुरी आहे. संगणकात 16 जीबी मेमरी असते, खेळाला 64 एमबी पुरणार असते, तरी तो अडून बसतो. याचे एक कारण मजेदार आहे. ‘मेमरी किती आहे?’ असे विंडोजला विचारण्याची जी जुनी रीत होती, तिच्या उत्तरात 4 जीबीपलीकडचा आकडा मावत नाही. मेमरी त्याहून जास्त असेल तर उत्तर येते ‘उणे एक’. जो खेळ हा आकडा चिन्हासकट वाचतो, तो उणे एकाची 64 शी तुलना करतो आणि दार लावून घेतो. घरात धान्य उतू चालले असताना पाहुण्याला कणगी रिकामी दिसावी, तसे हे झाले.

मी संगणकशास्त्र रीतसर शिकलेलो नाही. जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्या ताडून पाहण्याच्या नादातून या विषयाकडे वळलो. म्हणूनच असेल, पण जुन्या खेळांच्या दुरुस्तीचा प्रश्न मला तंत्राइतकाच पाठसंशोधनाचा वाटतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे जो पेच होता तोच इथे आहे : नंतर शिरलेला दोष कोणता आणि मुळातले वळण कोणते? दोष काढताना वळणही सरळ झाले तर ती शुद्धी नव्हे.

आधी साधे उदाहरण घेऊ. 32 बिटांच्या प्रोग्रामला मेमरीतले 4,29,49,67,296 पत्ते मोजता येतात. म्हणजे 4 जीबी. त्यातला अर्धा भाग विंडोज स्वतःकडे ठेवते. उरलेल्या 2 जीबीत खेळाने संसार करायचा, मग संगणकात मेमरी कितीही असो. ‘स्कायरिम’ हा खेळ नोव्हेंबर 2011 मध्ये आला तो याच मर्यादेत. चाहत्यांनी त्यात अधिक रेखीव चित्रे घातली की तो 2 जीबीच्या भिंतीवर आदळून बंद पडे. प्रोग्रामच्या फाइलच्या सुरुवातीला ‘मला मोठे पत्ते चालतात’ असे सांगणारा एक बिट असतो. तो शून्याचा एक केला की 64 बिटांच्या विंडोजवर त्याच खेळाला पूर्ण 4 जीबी मिळतात. हा बिट मुळातच ‘एक’ का नसतो? पत्त्याचा सर्वांत वरचा बिट नेहमी शून्यच असणार, या भरवशावर काही प्रोग्रामर तिथे आपल्या खुणा ठेवत. त्यांचे प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून. स्कायरिममधला हा बिट चाहत्यांनी आधी बदलला, डिसेंबर 2011 मध्ये प्रकाशकांनीच बदलला आणि 2016 मध्ये 64 बिटांची आवृत्ती आली. या बदलात कथेतला एक शब्द हलला नाही, एक डोंगर सरकला नाही. पोथीचे फाटके बासन बदलावे, इतकाच हा प्रकार.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ची गोष्ट वेगळी. 2004 मध्ये हा खेळ प्लेस्टेशन 2 वर आला, तेव्हा त्या यंत्राची मुख्य मेमरी 32 एमबी होती. तीन शहरे, मधले वाळवंट आणि डोंगर एवढ्या जागेत एकदम मावणे शक्य नव्हते. खेळाडू जाईल तिथला तुकडा डिस्कवरून आणायचा, मागचा टाकून द्यायचा. लांबचे काही दाखवता येत नाही, म्हणून क्षितिजावर धूसर पडदा ओढला. पण त्या पडद्याने आणखी एक काम केले. पुढचे शहर दिसत नसल्यामुळे ते दूर वाटे. प्रवासाला प्रवासाचे वजन येई.

2021 च्या नव्या आवृत्तीत मेमरीची चणचण नव्हती. धुके काढले गेले. उंचावर उभे राहिले की एका नजरेत पलीकडचे शहर दिसू लागले आणि अफाट वाटणारा प्रांत एका लहानशा बेटाएवढा झाला. नकाशा एका वितीनेही लहान केलेला नव्हता. गेले होते ते अंतर. चाहत्यांनी इतर चुकांबरोबर यावरही टीकेची झोड उठवली. प्रकाशकांनी त्याच महिन्यात आवृत्तीतील दोषांबद्दल जाहीर माफी मागितली.

यावरून मी एक कसोटी मांडतो. जी मर्यादा रचनाकाराला ठाऊक होती आणि जिला त्याने रचनेतून उत्तर दिले, ती कृतीचा भाग होते. वृत्ताची मात्रा जशी कवितेचा भाग होते तशी. जिच्यावर कृती नकळत आदळली, ती अपघात. 1984 च्या ‘एलिट’मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांनी 32 केबीच्या बीबीसी मायक्रोवर 8 आकाशगंगा आणि प्रत्येकीत 256 ग्रह बसवले. ग्रहांची यादी साठवायला जागाच नव्हती, म्हणून मोजक्या आकड्यांपासून सूत्राने ते दर वेळी नव्याने घडवले. तिथे टंचाईनेच विश्व मोठे केले.

मात्र माझीच कसोटी एका ठिकाणी अडते, हे कबूल केले पाहिजे. 1980 च्या ‘पॅक-मॅन’मध्ये पातळी मोजायला 8 बिटांचा आकडा होता. 256 व्या पातळीला हिशेब बिघडतो आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरतो. हा निव्वळ अपघात. माझ्या नियमाने तो दुरुस्त व्हायला हवा. पण खेळाडूंनी त्यालाच शेवट मानले आणि 33,33,360 हा परिपूर्ण गुणांक त्या शेवटावरच ठरला. पिढ्यान्‌पिढ्या म्हटला गेलेला अपपाठही एका अर्थाने पाठ होऊन बसतो. अशा वेळी वाचकांचाही कृतीवर हक्क तयार झालेला असतो.

म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याचा निर्णय कुठे ना कुठे चुकणारच. चूक परतवता यावी, यासाठी जुनी प्रत हाताशी लागते. 2021 मध्ये नव्या आवृत्तीच्या तोंडावर संगणकासाठीच्या जुन्या आवृत्त्या विक्रीतून काढून घेतल्या होत्या. त्या परत ठेवण्याचे आश्वासन माफीबरोबरच द्यावे लागले. 2024 मध्ये मूळ वातावरणाच्या जवळ जाणारा प्रकाशयोजनेचा पर्यायही दिला गेला. धुके काय काम करत होते हे ताडून पाहता आले, ते खेळाडूंकडे मूळ खेळ होता म्हणून. एकनाथांनाही शुद्धी करता आली, ती जुन्या प्रती कुणीतरी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच.