शाळेंतील क्षेत्रसंशोधन : एका ग्रंथाच्या निमित्तानें

वेरोनीक बेनेई या फ्रेंच विदुषींचा ‘स्कूलिंग पॅशन्स’ हा ग्रंथ २००८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठानें प्रसिद्ध केला. कोल्हापुरांतील प्राथमिक शाळांत बसून, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, मराठीचे पाठ व मुलांनीं काढलेलीं चित्रें यांवरून राष्ट्रभावना बालमनांत कशी रुजते, याचा शोध त्यांनीं घेतला आहे. शिवकालाच्या अभ्यासकांनीं तो अवश्य पाहावा. बखरींतले महाराज आपणांस ठाऊक असतात. वर्गांत सांगितले जाणारे महाराज येथें भेटतात. रा. वि. परुळेकरांनीं १८२० ते १८३० च्या देशी शाळांच्या सरकारी चौकशीचे कागद छापले, त्यांत शाळा मोजल्या आहेत, मूल बोलत नाहीं. येथें तें बोलतें, हा मोठाच लाभ.

परंतु साधनपरीक्षा टळत नाहीं. पोथी वाचल्यानें तिचीं अक्षरें बदलत नाहींत. वर्गांत परका शिरतांच फळ्यावरील अक्षरही वळणदार होतें. प्रस्तुत लेखकानें डोंबिवलींत संस्कृत शिकविलें, तेव्हां तपासणीच्या दिवशीं शब्दरूपें म्हणणाऱ्या मुलांचा सूर निराळाच लागे. (साहेब गेले कीं ‘रामौ’ पुन्हां चुके.) तेव्हां परदेशी पाहुणीपुढें म्हटलेली प्रतिज्ञा रोजचीच, असें एकदम कसें मानावें? ग्रंथकर्त्रीस मराठी येतें, त्यांचें वास्तव्यही दीर्घ; यानें शंका उणावते, फिटत नाहीं.

संमतीचा प्रश्न याहून अवघड. दप्तराचा धनी ‘नाहीं’ म्हणाला, तर आपण ओट्यावरून परततों. मुख्याध्यापकांची सही मिळते, पालकांचीही मिळवितां येते; पण दुसरींतील मूल बाईंच्या देखत ‘नाहीं’ म्हणेल काय? नांवें बदलण्याचा उपायही तोकडा आहे. ठाणें, कल्याण यांसारख्या ठिकाणीं ‘तलावापलीकडची जुनी शाळा’ एवढें म्हटलें तरी पुरे. पुष्पिका खरवडलेली पोथी आम्ही संग्राहक प्रमाण मानीत नाहीं. मुलाच्या बाबतींत मात्र ती खरवडणेंच धर्म्य, मग साधन अर्धें राहिलें तरी चालेल.

आणि छडीचें काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षा निषिद्ध ठरविली. मागच्या बाकावरील संशोधकानें ती पाहिली आणि टिपून मौन धरिलें, तर मुलाशीं द्रोह. उघड केलें, तर ज्या शिक्षकानें विश्वासानें दार उघडलें त्याच्याशीं. आमच्या मतें मूल आधीं; आणि हें शिक्षकास पहिल्याच दिवशीं सांगून ठेवावें. दार मिळालें नाहीं तर दुसरी शाळा पाहावी. असल्या टिपणांच्या वह्या मुलें प्रौढ होईपर्यंत मोहोरबंद ठेवण्याची सोय आपल्यासारख्या संग्रहांनीं करावी.